माणूस अंतराळात पाठवावा की तो पैसा मूलभूत विज्ञानाला द्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चांद्रयान-३ चंद्रावर उतरल्यापासून शाळा, महाविद्यालये आणि वाचनालये यांच्याकडून खगोलशास्त्रावर बोलण्यासाठी मला वरचेवर बोलावणे येते. व्याख्यान कृष्णविवरांवर असो वा सूर्यावर, शेवटी ज्या चिठ्ठ्या हाती येतात त्यांतल्या बऱ्याच गगनयानाच्या खर्चाविषयी असतात. त्या चिठ्ठ्यांतून आणि पत्रांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथील प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गगनयान म्हणजे नेमके काय, आणि त्याला किती खर्च येणार आहे?

भारतीय अंतराळवीरांना आपल्याच प्रक्षेपकाने आपल्याच भूमीवरून पृथ्वीभोवतीच्या कक्षेत नेणे आणि सुखरूप परत आणणे, हा गगनयानाचा हेतू आहे. जास्तीत जास्त तीन अंतराळवीर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर तीन दिवसांपर्यंत राहतील आणि ते ज्यात बसलेले असतील ती कुपी समुद्रात उतरेल, अशी आखणी आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली तेव्हा २०२२ पर्यंतची मुदत सांगितली होती. नंतर मानवासह पहिल्या उड्डाणासाठी २०२७ चे उद्दिष्ट जाहीर झाले.

डिसेंबर २०१८ मध्ये या कामासाठी सुमारे ९,०२३ कोटी रुपये मंजूर झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांत ११,१७० कोटींची भर पडली आणि एकूण रक्कम २०,१९३ कोटी झाली. ‘खर्च दुपटीहून वाढला’ असे म्हणताना एक गोष्ट गाळली जाते, ती अशी की भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भाग आणि त्यासाठी लागणारी जादा उड्डाणेही याच रकमेत धरलेली आहेत.

२. ‘मूलभूत विज्ञान’ तुम्ही कशाला म्हणता? चांद्रयान त्यात येते का?

निसर्ग कसा चालतो हे कळावे, एवढ्याच हेतूने जे संशोधन होते ते मूलभूत विज्ञान. त्याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. एखाद्या अँटेनाखाली उभे राहून वर पाहिले, तर ताटलीच्या जागी पोलादी तारांची विरळ जाळी दिसते आणि जाळीतून पलीकडचे आकाश दिसते. लांब रेडिओ लहरींना ती जाळी भिंतीसारखी परतवते, वारा मात्र तिच्यातून निघून जातो, आणि म्हणून सांगाडा हलका व स्वस्त करता आला. या परिसरात मोबाईल बंद ठेवायला सांगतात, कारण आकाशातून येणारा संदेश फोनच्या मानाने अतिशय क्षीण असतो. याच दुर्बिणीच्या निरीक्षणांचा आधार घेऊन जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे खुद्द अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचे, पुरावे मांडले. त्याचा बाजारात आज काही उपयोग नाही, आणि तो नसल्याने त्या कामाचे मोल कमी होत नाही.

चांद्रयानांचे उत्तर सरसकट देता येत नाही. २००८ च्या चांद्रयान-१ वरील उपकरणांनी चंद्रावर पाण्याच्या रेणूंच्या खुणा शोधल्या, ते निखळ विज्ञान होते. चांद्रयान-३ चा मुख्य हेतू अलगद उतरण्याचे तंत्र सिद्ध करणे हा होता आणि उपकरणे त्याच्या जोडीने गेली होती.

३. एवढ्या पैशांत शाळा आणि दवाखाने झाले नसते का?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अंतराळ विभागासाठी सुमारे १३,४१६ कोटी रुपये होते आणि एकूण अर्थसंकल्प सुमारे ५०.६५ लाख कोटींचा होता. म्हणजे शंभर रुपयांतले साधारण सव्वीस पैसे, आणि त्यांतच हवामानाचे, दळणवळणाचे व दिशादर्शनाचे उपग्रह, चांद्रयाने आणि गगनयान हे सगळे आले. शाळांची दुरवस्था या सव्वीस पैशांमुळे झालेली नाही. तरीही रक्कम लहान आहे म्हणून तिचा हिशेब मागू नये, असे मी म्हणणार नाही. हे सव्वीस पैसे आपसांत कसे वाटले जातात, हा खरा प्रश्न असून पुढची उत्तरे त्यासाठी आहेत.

४. माणूस जाणार म्हटल्यावर खर्च इतका का वाढतो?

उपग्रह गेला तर पैसा आणि कष्टाची वर्षे जातात, पण माणसाच्या बाबतीत तसे म्हणून चालत नाही. त्यामुळे प्रत्येक भागाची खात्री पुन्हा नव्याने करावी लागते. एलव्हीएम-३ हा प्रक्षेपक चांद्रयान-३ ला घेऊन गेला होता, तरी माणसांसाठी त्याच्या चाचण्या वेगळ्या कराव्या लागल्या. कुपीतली हवा, तापमान आणि आर्द्रता राखणारी यंत्रणा देशातच विकसित करावी लागली. प्रक्षेपकात बिघाड झाला तर कुपीला क्षणार्धात दूर ओढून नेणारी सुटका-यंत्रणा हवी, आणि ती खरोखर चालते हे दाखवायला स्वतंत्र अग्निबाण उडवावा लागतो.

२१ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी श्रीहरिकोट्याला ही चाचणी होती. उलटी गणती अवघ्या पाच सेकंदांवर आली असताना संगणकाने ती स्वतःहून थांबवली. दोष शोधून दूर केला गेला आणि त्याच दिवशी दहा वाजता उड्डाण यशस्वी झाले. परतीच्या प्रवासात कुपीचा वेग कमी करण्यासाठी एकूण दहा पॅराशूट आहेत. त्यांतली तीन मुख्य असून दोनच उघडली तरी भागते, तिसरे केवळ खबरदारी म्हणून असते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे पाच टनांची नमुना-कुपी हेलिकॉप्टरमधून सोडून ही पॅराशूट तपासली गेली. मानवी मोहिमेच्या खर्चाचा फार मोठा भाग अशा, कधीच उपयोगी पडू नयेत अशी इच्छा असलेल्या गोष्टींवर होतो. तो अवाजवी नाही, पण त्यातून विश्वाविषयीचे ज्ञानही वाढत नाही.

५. गगनयानाच्या पैशांत किती अ‍ॅस्ट्रोसॅट झाले असते?

हा प्रश्न विचारणारे सहसा गणित करूनच आलेले असतात. सप्टेंबर २०१५ मध्ये गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या अंतराळ वेधशाळेचा खर्च सुमारे १७८ कोटी होता. २०,१९३ ला त्याने भागले की ११३ हे उत्तर येते. चांद्रयान-३ च्या सुमारे ६१५ कोटींनी भागले तर जवळजवळ ३३.

भागाकार बरोबर असला तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष फसवा असू शकतो. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या १७८ कोटींमागे आधीच उभे असलेले प्रक्षेपणतळ, अनेक वर्षांत पक्के झालेले पीएसएलव्ही हे प्रक्षेपक आणि मुंबई, पुणे, बंगळूर येथील संस्थांत वर्षानुवर्षे पगारावर असलेली माणसे होती, आणि त्या सगळ्याची किंमत या आकड्यात धरलेली नाही. दुसरे असे की ११३ वेधशाळा चालवायला लागतील एवढे उपकरणतज्ज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ आज देशात नाहीत. विज्ञानात पैसा एकदम ओतून काम होत नाही. माणसे तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तेवढा काळ पैशाचा ओघ अखंड असावा लागतो. मात्र एकट्या गगनयानाच्या रकमेपुढे आपल्या विज्ञान मोहिमा किती लहान रकमांत होतात, हे या भागाकारातून दिसते, आणि म्हणून तो एकदा करून पाहावाच असे मला वाटते.

६. चंद्रावर माणसे गेली म्हणूनच एवढे विज्ञान झाले ना? यंत्रांना ते जमले असते का?

मानवी मोहिमांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेच्या अपोलो या चांद्रमोहिमांचाच आहे, म्हणून तो नीट पाहायला हवा.

डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ बरोबर हॅरिसन श्मिट गेले. चंद्रावर चाललेले ते एकमेव प्रशिक्षित भूवैज्ञानिक. एका विवराच्या काठावर करड्या धुळीत त्यांना नारिंगी छटा दिसली, त्यांनी लगेच खणायला घेतले, आणि ती साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीने उडवलेल्या काचेच्या बारीक कणांची माती निघाली. तशा कणांत पाण्याचे अंश असल्याचे नंतर साडेतीन दशकांनी प्रयोगशाळेत सिद्ध झाले. श्मिट आणि त्यांचे सहकारी अंतराळवीर सर्नन यांनी तीन दिवसांत गाडीतून सुमारे ३५ किलोमीटर प्रवास केला. मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी या बग्गीला ४५ किलोमीटर जायला चौदा वर्षे लागली, आणि आपल्या चांद्रयान-३ च्या प्रज्ञान या बग्गीने चंद्रावर साधारण १०० मीटर अंतर कापले. सहा अपोलो मोहिमांनी ३८२ किलो नमुने आणले, तर त्याच काळात सोव्हिएत संघाच्या तीन यंत्रमोहिमांनी मिळून सुमारे ३०० ग्रॅम. प्रशिक्षित डोळा आणि हात जागेवर असण्याचे मोल यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

पण अपोलोला त्या काळचे सुमारे २५ अब्ज डॉलर लागले, आणि ते विज्ञानासाठी दिलेले नव्हते. सोव्हिएत संघाच्या पुढे जायचे होते म्हणून दिले होते. श्मिट यांच्यासारख्या शास्त्रज्ञाला जागा मिळाली ती शेवटच्या मोहिमेत. शिवाय यंत्रे तिथेच थांबली नाहीत: चीनच्या छांग-अ-६ या मानवरहित यानाने २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरून सुमारे १.९ किलो माती आणली, जिथे आजवर एकही माणूस उतरलेला नाही.

शेवटचा मुद्दा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. अपोलोचा युक्तिवाद गगनयानाला लागू होत नाही, कारण ४०० किलोमीटरवरच्या कक्षेत खणायला जमीन नाही आणि उचलायला दगड नाही.

७. शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावर जे प्रयोग केले ते विज्ञान नव्हते का?

विज्ञानच होते. २५ जून २०२५ रोजी निघून १५ जुलैला परतलेल्या शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर भारतीय संस्थांचे सात प्रयोग हाताळले. त्यांत सूक्ष्म शैवाल होते, स्नायूंच्या पेशी होत्या, आणि आपल्या स्वयंपाकघरातले मूग व मेथीसुद्धा होते. बशीत रुजवलेले ते दाणे पुढच्या अभ्यासासाठी गोठवून ठेवण्यात आले.

मात्र या प्रयोगांचा विषय पाहा: वजनरहित अवस्थेत अन्न कसे पिकवावे, स्नायू का झिजतात, प्राणवायू कशातून मिळवावा. माणसाला अंतराळात राहायचे असेल तर हे कळलेच पाहिजे, पण राहायचे नसेल तर यातल्या बऱ्याच गोष्टींची निकड उरत नाही. मानवी मोहिमेतले विज्ञान बहुतांशी मानवी मोहिमेसाठीच असते. या सहभागासाठी भारताला सुमारे ५५० कोटी रुपये खर्च आला, म्हणजे तीन अ‍ॅस्ट्रोसॅटइतका. गगनयानाच्या अंतराळवीराला उड्डाणाचा प्रत्यक्ष अनुभव मिळणे, हे त्याचे खरे प्रयोजन होते आणि ते मला पटते. ‘सात प्रयोगांसाठी ५५० कोटी’ असे मांडले तर मात्र तो व्यवहार कोणालाच पटणार नाही.

८. हबल दुर्बीण माणसांनीच दुरुस्त केली. त्याचे काय?

हा आक्षेप योग्य आहे. १९९० मध्ये सोडलेल्या हबलच्या आरशाची कड ठरल्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याने, अधिक सपाट घासली गेली होती आणि चित्रे धूसर येत होती. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी कक्षेत जाऊन दोष सुधारणारी उपकरणे बसवली. २००९ पर्यंत अशा पाच फेऱ्या झाल्या आणि दरवेळी हबल पुन्हा नव्यासारखी झाली.

या यशाची दुसरी बाजू खर्चाची आहे. स्पेस शटलच्या एका उड्डाणाचा, संपूर्ण कार्यक्रमाचा खर्च वाटून काढलेला अंदाज सुमारे दीड अब्ज डॉलर येतो. तेवढ्यात पृथ्वीवर नवी दुर्बीण बांधून सोडणे कठीण नव्हते. हबलच्या नंतरची जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, माणसाच्या आवाक्याबाहेर आहे, कारण तिला लागणारी थंडी आणि स्थिरता तिथेच मिळते. चांगल्या निरीक्षणाची जागा आणि माणसाला पोहोचता येईल अशी जागा या सहसा एक नसतात. याचा अपवाद प्रश्न १६ मध्ये आहे.

९. वेल्क्रो, टेफ्लॉन अशा वस्तू अंतराळवीरांमुळेच मिळाल्या ना?

नाही. टेफ्लॉन १९३८ मधले आहे आणि वेल्क्रो एका स्विस अभियंत्याने शोधले. अंतराळवीरांनी दोन्ही वापरले इतकेच. याउलट तुमच्या फोनमधल्या कॅमेऱ्याचा संवेदक ज्या संशोधनातून आला, ते १९९० च्या दशकात मानवरहित यानांचे कॅमेरे लहान करण्यासाठी अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत झाले होते, आणि वर्ल्ड वाइड वेब सर्न या मूलकणांच्या प्रयोगशाळेत जन्मले. पण वस्तूंची यादी दाखवून खर्चाचे समर्थन करणे मला कोणाच्याही बाबतीत पटत नाही. ती वस्तू हवी असेल तर सरळ तिच्यावरच संशोधन करणे स्वस्त पडते.

१०. गगनयान थांबवले तर तो पैसा मूलभूत विज्ञानाला मिळेल का?

ज्यांना विज्ञानाची कळकळ आहे त्यांच्याकडून हा प्रश्न येतो. माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे.

१९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर दोन महागडे प्रकल्प होते. एक अंतराळ स्थानक. दुसरा टेक्सासमध्ये जमिनीखाली ८७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात बांधला जाणारा सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर, म्हणजे त्या काळचा जगातला सर्वांत शक्तिशाली ठरला असता असा कणवेगक (मूलकणांना प्रचंड वेग देऊन एकमेकांवर आदळवणारे यंत्र). जूनमध्ये प्रतिनिधिगृहात स्थानक अवघ्या एका मताने वाचले. ऑक्टोबरमध्ये कोलायडर रद्द झाला. तोपर्यंत सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाले होते आणि वीस किलोमीटरहून अधिक बोगदा खणून झाला होता. वाचलेले पैसे मूलकण भौतिकीला मिळाले नाहीत, जीवशास्त्राला नाहीत, खगोलशास्त्रालाही नाहीत. ज्याचा शोध अशा यंत्राने घ्यायचा होता तो हिग्ज बोसॉन हा मूलकण अखेर २०१२ मध्ये युरोपात, सर्नमध्ये सापडला. कोलायडरचे पुरस्कर्ते आणि नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग पुढे मानवी अंतराळ मोहिमांचे कडवे टीकाकार झाले, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण स्थानकही त्याच वर्षी पडले असते, तर कोलायडर उभा राहिला असता असे म्हणायला काही आधार नाही.

सरकारी तिजोरी म्हणजे घरखर्चाच्या डब्यांची मांडणी नव्हे, की एका डब्यातले काढले की दुसऱ्यात आपोआप पडेल. गगनयानाला पैसा मिळतो तो राष्ट्राची क्षमता आणि प्रतिष्ठा या नावाने. ते नसेल तर तो पैसा याच नावाच्या दुसऱ्या एखाद्या कामाकडे जाईल. शिवाय पैसा असूनही विज्ञान अडते. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात व्हायची भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा २०१५ मध्ये सुमारे १,५०० कोटींसह मंजूर झाली होती. ती रखडली पर्यावरणाच्या परवानग्यांवरून आणि स्थानिक विरोधावरून. त्यात गगनयानाचा काही संबंध नव्हता.

११. म्हणजे या दोहोंत काहीच भांडण नाही?

आहे, पण ते पैशाच्या रकमेपेक्षा क्रमाचे आणि सातत्याचे आहे.

अ‍ॅस्ट्रोसॅट २००४ मध्ये मंजूर झाला आणि २०१५ मध्ये उडाला. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ या यानाची कल्पना २००८ ची, उड्डाण २ सप्टेंबर २०२३ चे. हे विलंब बहुतांशी गगनयानाच्या आधीचे आहेत, त्यामुळे त्यांचे खापर गगनयानावर फोडणे अन्यायाचे होईल. तरी अभियंते तेच असतात, चाचणीच्या सोयी त्याच असतात, आणि ज्या मोहिमेची तारीख लाल किल्ल्यावरून जाहीर होते तिच्यासाठी बाकीच्यांनी रांगेत मागे सरकणे साहजिक असते. अ‍ॅस्ट्रोसॅटची रचना पाच वर्षांसाठी होती. तो त्याहून खूप अधिक चालला, ही त्याच्या बांधणाऱ्यांची पुण्याई. त्याची जागा घेणारी वेधशाळा मात्र वेळेत तयार झाली नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ २,६०० कोटींची लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा मंजूर आहे. दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठ्या ताऱ्यांचे उरलेले अतिशय घन गाभे, एकमेकांवर आदळल्याची लहर ती टिपेल. पण त्याच क्षणी आकाशात कुठे गॅमा किरणांची चमक झाली हे पाहणारा डोळाही हवा. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने मांडलेला ‘दक्ष’ हा दोन उपग्रहांचा प्रस्ताव नेमक्या त्याच कामाचा आहे. अशा प्रस्तावांना वेळेत होकार मिळतो की नाही, यावरून मी आपल्या देशाच्या विज्ञाननिष्ठेची पारख करीन.

आणि याहून लहान, रोजच्या पातळीवरची गोष्ट अशी. माझ्या ओळखीच्या एका संशोधक विद्यार्थिनीची फेलोशिप सात महिने आली नव्हती. २०२३ पासून कनिष्ठ फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे. तिने खोलीचे भाडे भावाकडून घेतले, खानावळीला ‘पुढच्या महिन्यात नक्की’ असे पाच वेळा सांगितले, आणि दिवसभर दुर्बिणीची माहिती चाळत राहिली. तिच्या सात महिन्यांची एकूण रक्कम २,५९,००० रुपये होती. देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, आणि त्यातलाही काही असा उशिरा पोहोचतो. मूलभूत विज्ञानाचे नुकसान अग्निबाणामुळे होते त्याहून किती तरी जास्त येथे होते.

म्हणून माझे मत असे की गगनयान करावे, पण ते विज्ञानाच्या खात्यात दाखवू नये. स्वतःच्या बळावर माणूस अंतराळात नेता येणे ही क्षमता देशाला हवी असेल, तर तिच्यासाठी तिच्याच नावाने पैसा मागावा. विज्ञान मोहिमांसाठी वेगळी रक्कम राखून ठेवावी, आणि मानवी मोहिमेला उशीर झाला किंवा तिचा खर्च वाढला तरी त्या रकमेला हात लावू नये.

१२. विक्रम साराभाईंनीच मानवी उड्डाणाच्या स्पर्धेत उतरायचे नाही असे म्हटले होते ना?

हो. चंद्र, ग्रह किंवा मानवी उड्डाणे यांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचे स्वप्न आपण पाहत नाही, पण समाजाचे प्रत्यक्ष प्रश्न सोडवण्यासाठी प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात आपण कोणाच्याही मागे असता कामा नये, असे त्यांनी १९६० च्या दशकात स्पष्ट सांगितले होते. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचवले गेले, तो त्याच विचाराचा वारसा. मात्र तो विचार तेव्हाच्या भारतासाठी होता. आज त्याचा आधार घेऊन मानवी उड्डाण बंद करा म्हणणाऱ्यांना त्याच वाक्याने चांद्रयान आणि मंगळयानही बंद करावे लागेल, याची जाणीव असावी.

१३. कल्पना चावला यांच्यासारख्यांचे जीव धोक्यात घालणे योग्य आहे का?

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अमेरिकी स्पेस शटल परतताना फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले. फार जणांना ठाऊक नसते की ती मोहीम स्थानक बांधायची किंवा दुर्बीण दुरुस्त करायची नव्हती; सोळा दिवसांची ती पूर्णतः वैज्ञानिक मोहीम होती आणि तिच्यात सुमारे ८० प्रयोग होते. अवशेष गोळा करताना एका डबीत प्रयोगासाठी नेलेले सूक्ष्म कृमी जिवंत सापडले. ते वाचल्यावर मी बराच वेळ पुढे वाचू शकले नव्हते.

अंतराळवीर धोका समजून उमजून पत्करतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण त्यांना कशासाठी पाठवायचे, याचे उत्तर पाठवणाऱ्यांनी द्यायचे असते. जो प्रयोग यंत्र करू शकते त्यासाठी माणसाचा जीव पणाला लावणे मला मान्य नाही. नवी वाट स्वतः चालून पाहणे हेच प्रयोजन असेल, तर तसे सांगून जाणाऱ्यांचा मी आदर करते. गगनयानाच्या उड्डाणाची तारीख पाच वर्षे पुढे गेली म्हणून नाराज होणाऱ्यांनी प्रश्न ४ चे उत्तर अवश्य वाचावे.

१४. मानवरहित मोहिमा नेहमी स्वस्तच असतात का?

नाही. जेम्स वेब दुर्बिणीचा खर्च मूळ अंदाजाच्या अनेक पटींनी वाढून सुमारे दहा अब्ज डॉलरवर गेला. मंगळावरची माती परत आणण्याच्या अमेरिकी योजनेचा अंदाज अकरा अब्ज डॉलरपर्यंत पोहोचल्यावर ती योजनाच अडचणीत आली. आपल्याकडेही चांद्रयान-४ साठी २,१०४ कोटी मंजूर आहेत, म्हणजे चांद्रयान-३ च्या तिपटीहून अधिक, कारण ते चंद्रावरून नमुने घेऊन परत यायचे आहे. परत यायचे म्हटले की यंत्राचा खर्चही माणसाच्या मोहिमेसारखा वाढू लागतो.

१५. यात महाराष्ट्राचा वाटा किती?

दोन्ही बाजूंना आहे. इस्रोच्या प्रक्षेपकांच्या घन इंधनाच्या मोटारींची आवरणे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात बनतात, आणि द्रव इंधनावर चालणारी ‘विकास’ इंजिने मुंबईत विक्रोळीला. आदित्य-एल१ वरील सूर्याची अतिनील चित्रे घेणारी ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झाली. अ‍ॅस्ट्रोसॅटची क्ष-किरण उपकरणे घडवण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा हात आहे. खोडद आणि औंढा नागनाथ यांचा उल्लेख प्रश्न २ व ११ मध्ये आला आहे.

१६. भारताचे स्वतःचे स्थानक झाले, तर तिथे मूलभूत विज्ञान करता येईल का?

काही प्रमाणात, आणि त्याची तयारी आत्ताच केली तर. माणसे राहतात तिथे कंप असतो, हवेची गळती असते, आणि दर दीड तासाला दिवस-रात्र होते. नाजूक प्रकाशीय दुर्बिणीला यातले काहीच मानवत नाही. क्ष-किरण आणि वैश्विक किरणांच्या उपकरणांचे तसे नाही. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या बाहेर बसवलेला एएमएस हा वैश्विक किरणांचा शोधक २०११ पासून काम करतो आहे. त्याची थंड ठेवणारी यंत्रणा निकामी होऊ लागली तेव्हा २०१९-२० मध्ये अंतराळवीरांनी बाहेर पडून ती बदलली. त्याच स्थानकावर बसवलेल्या, न्यूट्रॉन ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘नायसर’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या आवरणाला छिद्रे पडून आत सूर्यप्रकाश शिरू लागला होता. ती दुरुस्त करायची म्हणून बनवलेलीच नव्हती. तरी १६ जानेवारी २०२५ रोजी निक हेग यांनी, सुनीता विल्यम्स सोबत असताना, तिच्यावर एकेक ठिगळ लावून ती छिद्रे झाकली.

चीनने आणखी वेगळी वाट निवडली आहे. त्यांची शुनथ्येन ही दोन मीटर आरशाची दुर्बीण स्थानकाच्याच कक्षेत, पण स्थानकापासून दूर राहील आणि दुरुस्तीपुरती स्थानकाला येऊन जोडली जाईल, अशी योजना आहे. कंपापासूनही सुटका आणि माणसाचा हातही जवळ. भारतीय अंतरिक्ष स्थानक २०३५ पर्यंत पूर्ण करायचे आहे. त्याच्या बाहेरच्या बाजूला उपकरणे बसवण्यासाठी किती जागा असेल, वीज किती मिळेल, अंतराळवीराच्या हातमोज्यात मावतील असे बोल्ट कुठे असतील, हे सगळे आराखड्याच्या वेळीच ठरते. त्या आराखड्याच्या बैठकांत आयुका, टाटा संस्था आणि बंगळूरच्या खगोलशास्त्रज्ञांना पहिल्या दिवसापासून बसवावे, एवढी माझी मागणी आहे.